मांडवीचा पूल, खारा वारा आणि काँक्रीटच्या भेगा

पूल कोसळल्यानंतर आपल्याकडे काय काय घडते, याचा क्रम महाराष्ट्रातील वाचकांना आता तोंडपाठ झाला आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एस. टी.च्या दोन गाड्या उतारूंसह नदीने गिळल्या. तेव्हा जुन्या पुलांची तपासणी करण्याचे आदेश सुटले. पुढे १५ जून २०२५ रोजी पुण्यापासून फार दूर नसलेल्या मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली मोडून पडला आणि चार जण प्राणांस मुकले. पुन्हा तपासणीचे आदेश सुटले. आदेश सुटावेत याला आमची हरकत नाही. वरातीमागून का होईना, घोडे निघाले म्हणावयाचे. आमचा प्रश्न निराळा आहे. तपासणी करावयाची म्हणजे नेमके काय पाहावयाचे, आणि पाहिलेले कोणास सांगावयाचे, हे प्रत्येक वेळी अनुत्तरितच राहते.

कुंडमळ्याचा पूल लोखंडाचा होता. लोखंडाचा गंज निदान उघड्यावर असतो. जाणाऱ्यायेणाऱ्याला तो दिसतो, आणि दिसूनही कोणी लक्ष दिले नाही तर तो दोष डोळ्यांचा नव्हे. परंतु गेल्या साठसत्तर वर्षांत आपण जे पूल, ज्या पाण्याच्या टाक्या आणि जी घरे बांधली, ती बहुतेक सर्व सिमेंट काँक्रीटची आहेत. त्यांतही लोखंड आहेच. पण ते पोटात आहे. ते गंजू लागले तर बाहेर दिसते ती एक भेग, आणि तीही पुष्कळदा काम बिघडून गेल्यावर. ही भेग म्हणजे काय, तिच्यातून मीठ आत कसे शिरते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांसाठी म्हणून उभारलेले काम सोळा वर्षांत कसे संपते, हा विषय अभियंत्यांच्या परिषदांपुरता ठेवून चालण्यासारखा नाही. त्याची किंमत पुलावरून जाणारा सामान्य माणूस भरतो.

सोळा वर्षे हा आकडा आम्ही हवेतून काढलेला नाही. तो मांडवीचा आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्या वेळी पणजीहून बार्देशात जावयाचे म्हणजे फेरीबोटीची वाट पाहणे आले. मांडवीवर पूल झाला तो १९७० साली, आणि पंडित नेहरूंचे नाव त्यास देण्यात आले. मुक्त गोव्याच्या मोठ्या लोकोपयोगी कामांत त्याची गणना होत असे. पूल पूर्वताणित काँक्रीटचा होता. या पद्धतीत पोलादी तारांचे जुडगे काँक्रीटच्या पोटातील नळ्यांमधून ओवतात, प्रचंड ताण देऊन दोन्ही टोकांना जखडतात, आणि नळीत राहिलेल्या पोकळीत सिमेंटचा पातळ राडा दाबून भरतात. तारांच्या ताणामुळे काँक्रीट सतत दाबलेले राहते आणि म्हणून मोठे गाळे कमी सामग्रीत साधतात. पद्धत नामी आहे, यात शंका नाही. पण तिचे सारे बळ त्या तारांत आहे. ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, मांडवीचा पूल कोसळला. भूकंप झाला नव्हता, जहाज आदळले नव्हते. खाडीच्या खाऱ्या हवेने आणि ओलाव्याने आतल्या पोलादाचा घात केला होता. बार्देशकर पुन्हा फेरीबोटीच्या धक्क्यावर येऊन उभा राहिला, आणि १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत उभाच राहिला.

गोव्याची ही गोष्ट एकट्या गोव्याची असती, तर आम्ही तिला अग्रलेखाची जागा दिली नसती. झुआरीवरचा पूल १९८३ साली वाहतुकीस खुला झाला. त्यावरही पुढे जड वाहनांना मज्जाव करावा लागला आणि डिसेंबर २०२२ मध्ये नवा पूल खुला होईपर्यंत गोव्याची दक्षिणोत्तर वाहतूक त्या एका दुबळ्या धाग्यावर लोंबकळत राहिली. आपल्या मुंबईच्या दाराशी ठाणे खाडीवर वाशीचा पहिला पूल १९७३ साली झाला. त्याच्या पूर्वताणित तुळयांची दुखणी इतकी वाढली की नव्वदीच्या दशकात शेजारी दुसरा पूल बांधणे भाग पडले. तीन खाड्या, तीन पूल, एकच पिढी आणि रोगही एकच. याला योगायोग म्हणणे म्हणजे शहाणपणाला रजा देणे होय.

त्या पिढीच्या अभियंत्यांना आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची आमची इच्छा नाही. त्या काळात जगभर बांधकामाचा विचार मुख्यतः ताकदीच्या अंगाने होत असे. काँक्रीट किती भार घेते हे पाहिले जाई, किती वर्षे टिकते हे गृहीत धरले जाई. मांडवीच्या आधी सातच महिने, डिसेंबर १९८५ मध्ये, वेल्समधील यनिस-अ-ग्वास येथील १९५३ साली बांधलेला एक लहानसा पूल असाच पूर्वसूचनेशिवाय पडला. तेथे समुद्राचे मीठ नव्हते. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ सांध्यांतून झिरपून तारांपर्यंत गेले होते. फरक पडला तो पुढे. ब्रिटनने आपल्या सगळ्या तशा पुलांकडे संशयाने पाहण्यास आरंभ केला आणि १९९२ मध्ये राडा भरलेल्या नळ्यांचे नवे पूल बांधण्यासच काही वर्षे बंदी घातली. एका लहान पुलाच्या पतनाने तेथील सबंध धोरण हलले. आपल्याकडे तीन मोठ्या पुलांनी काय हलवले, हे शोधावयास भिंग घ्यावे लागेल.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. काँक्रीटमध्ये लोखंड सुरक्षित राहते ते का, हे आधी समजून घेतले पाहिजे. आम्ही काही वर्षे शाळेत काढली आहेत. तेव्हा वाचकांनी दोन परिच्छेद खडूफळ्याचे सहन करावेत.

सिमेंटचा पाण्याशी संयोग झाला की चुना निर्माण होतो आणि काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतले पाणी अतिशय अल्कधर्मी बनते. त्याचा सामू साडेबारा ते तेराच्या घरात असतो. अशा पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ पापुद्रा बसतो आणि तो गंजाला आत येऊ देत नाही. काँक्रीट लोखंडाला नुसते झाकत नाही, तर औषधात बुडवून ठेवते असे म्हटले तरी चालेल. मिठातील क्लोराईड हा या पापुद्र्याचा वैरी आहे. सिमेंटच्या वजनाच्या अर्धा टक्क्याहूनही कमी क्लोराईड सळईपाशी साचले की पापुद्रा ठिकठिकाणी फुटू लागतो. मग ओलावा आणि प्राणवायू असेल तर गंज चढतो. हा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. आतून असा रेटा बसला की काँक्रीट फुटते, सळईच्या रेषेने तडा जातो आणि शेवटी ढलपे निखळतात. जुन्या इमारतीच्या सज्ज्याखाली तांबूस डाग आणि उघड्या पडलेल्या सळया आपण पाहतो, ते या नाटकाचे शेवटले अंक असतात.

मीठ आत शिरते ते शाईचा थेंब पाण्यात पसरावा तसे, हळूहळू. आणि या हळूहळूचाही हिशेब आहे. अंतर दुप्पट झाले की लागणारा काळ दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतो. समजा, एखाद्या काँक्रीटमध्ये पंचवीस मिलिमीटर आत जाण्यास मिठाला दहा वर्षे लागली; तर पन्नास मिलिमीटर जाण्यास चाळीस लागतील. म्हणजे सळईवरचे काँक्रीटचे आवरण, ज्याला कामावरची माणसे ‘कव्हर’ म्हणतात, ते एका बोटाने कमी पडले तर तीस वर्षांचे आयुष्य गेले. आणि हे आवरण कोणाच्या हाती असते? सळया साच्याला टेकू नयेत म्हणून त्यांखाली सिमेंटचे नीट मापाचे ठोकळे ठेवावयाचे असतात. प्रत्यक्षात मुकादम हाताशी लागेल ती खडी सरकवतो, काँक्रीट ओतताना कोणी तरी त्या जाळीवरून चालत जातो, खडी निसटते आणि सळई साच्याला जाऊन बसते. कोट्यवधी रुपयांच्या कामाचे भवितव्य त्या एका खड्यावर ठरते. आमच्या मते काँक्रीटच्या टिकाऊपणाविषयीचे निम्मे शास्त्र या एका दृश्यात आहे.

हे झाले अभंग काँक्रीटचे. पण सळयांचे काँक्रीट अभंग राहतच नाही, ही गोष्ट सामान्य वाचकाला नवी वाटेल. काँक्रीट दाबाला बळकट आणि ताणाला दुबळे. दाबाच्या मानाने सुमारे दहाव्या हिश्शाइतकाच ताण ते सोसते. तुळईवर भार आला की तिची खालची बाजू ताणली जाते, तेथे काँक्रीटला बारीक चिरा पडतात आणि ताण सळई घेते. हा दोष नव्हे. गणित त्यावरच बसवलेले असते. याखेरीज भेगा पडतात त्या निष्काळजीपणाच्या. एप्रिलच्या उन्हात, वारा सुटलेला असताना ओतलेला स्लॅब पहिल्या दोनचार तासांतच वरून सुकतो आणि त्याची साय फाटावी तशी चीर पडते. पुलाच्या पायाचे जाड ठोकळे आतून तापतात, बाहेरून निवतात, आणि त्या ओढाताणीत तडकतात. ताजे काँक्रीट बसताना सळईवर अडते आणि नेमके सळईच्या माथ्यावर, तिच्या लांबीभर फाटते. ही शेवटची भेग दिसावयास क्षुल्लक, पण आमच्या माहितीप्रमाणे फार घातक. कारण ती सळईला एका ठिकाणी नव्हे तर हातभर लांबीने मिठाच्या स्वाधीन करते.

भेग सळईपर्यंत पोहोचली की वरचे चौपटीचे गणित कोलमडते. आवरण पन्नास मिलिमीटरचे असो की पंचाहत्तरचे, खारे पाणी केशाकर्षणाने काही तासांत आत ओढले जाते. जी वाट दशकांची होती ती एका भरतीची होते. म्हणून भारतीय मानक संस्थेच्या ४५६ क्रमांकाच्या संहितेत, तिच्या २००० सालच्या आवृत्तीत, भेगांच्या रुंदीला मर्यादा घातल्या आहेत. सामान्य ठिकाणी ०.३ मिलिमीटर, सतत ओलाव्यात किंवा जमिनीत असलेल्या भागांना ०.२, आणि समुद्रकाठासारख्या कडक परिस्थितीत ०.१. माणसाच्या केसाची जाडी यापैकी शेवटच्या आकड्याच्या आसपास किंवा त्याहून थोडी कमी भरते. म्हणजे समुद्रावर केसाहून फार रुंद भेग चालत नाही, असा त्याचा मराठी अर्थ.

एवढ्यावर थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण शास्त्र सोपे नाही. भेगेच्या रुंदीला इतके महत्त्व द्यावे काय, याविषयी जाणकारांत दीर्घकाळ मतभेद आहेत. बीबी नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने १९७८ च्या सुमारास असे मांडले की, सळईला आडव्या जाणाऱ्या भेगांची रुंदी आणि दीर्घकाळात चढणारा गंज यांचा संबंध समजतो तितका घट्ट नाही. याला कारण आहे. भेगेने मिठाला दार उघडले तरी गंज चालू राहण्यास शेजारच्या अभंग काँक्रीटमधून प्राणवायू सळईला मिळावा लागतो आणि त्यातून विद्युत्प्रवाह वाहावा लागतो. ते काँक्रीट घट्ट आणि जाड असेल तर भेगेतला गंज उपाशी मरतो. ते सच्छिद्र असेल तर भेगेत सळईचा लहानसा तुकडा बळी पडतो आणि शेजारची सारी सळई त्याला खाण्यास हातभार लावते. तेथे मग सळईला खोल खड्डा पडतो, आणि बाहेर तांबूस डागही उमटत नाही. शिवाय बारीक भेगा ओलाव्यात स्वतःच चुन्याच्या पांढऱ्या साक्याने बुजतात, हेही प्रयोगांत दिसलेले आहे. मात्र पुलावरून प्रत्येक ट्रक जाताना जी भेग उघडते आणि मिटते, ती बुजत नाही. ती भात्यासारखे पाणी आत घेते.

या वादातून आम्ही जो अर्थ काढतो तो असा. भेग पाहून घाबरणारा आणि भेग लिंपून निश्चिंत होणारा, दोघेही सारखेच चुकतात. भेग गंजाचा आरंभ लवकर आणते; तो पुढे किती वेगाने वाढेल हे भेगेबाहेरचे काँक्रीट ठरवते. म्हणून पाहावयाचे ते भेगेची रुंदी एवढेच नव्हे, तर ती सळईला आडवी आहे की सळईबरोबर धावते, ती निजलेली आहे की हालती, तिच्या मागे आवरण किती आहे, आणि मीठ आज किती खोल पोहोचले आहे. हे सारे मोजता येते. आवरणाची जाडी वरून यंत्र फिरवून कळते. काँक्रीटला बारीक भोक पाडून दर सेंटिमीटरची भुकटी वेगळी काढली व तिच्यातले क्लोराईड मोजले की मिठाची आघाडी कोठवर आली आहे याचा नकाशा हाती येतो, आणि दोनतीन वेळच्या नकाशांवरून ती सळईवर कधी धडकेल याचा अंदाज बांधता येतो. या चाचण्यांचा खर्च पुलाच्या खर्चाच्या मानाने नगण्य आहे. एवढे असूनही ‘तपासणी’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे अजून पुष्कळदा एक गाडी, दोन अधिकारी आणि पुलाच्या कठड्यावरून खाली टाकलेली एक नजर, एवढाच उरतो.

कठड्यावरून खाली नजर टाकण्यात आम्ही पुणेकरही कमी नाही. खडकवासल्यातून पाणी सोडले आणि भिडे पूल बुडाला की नारायण पेठेतली निम्मी वस्ती नदीकाठी जमते आणि गेल्या वर्षी पाणी कोठवर होते याची उजळणी करते. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय या पेठेने अंगावर घेतलेला असल्यामुळे त्या कुतूहलाला एक करुण किनारही आहे. पण वरून वाहणारे पाणी पाहणाऱ्यांपैकी कोणी पाणी ओसरल्यावर पुलाच्या पोटाखाली जाऊन पाहिल्याचे आम्हांस ठाऊक नाही. पूल खालून पाहावयाचा असतो.

आता वर्तमानाकडे येऊ. मुंबईहून न्हावाशेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्यापैकी सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहे आणि त्याचे आयुष्य शंभर वर्षे धरलेले आहे. मुंबईचा किनारी रस्ताही त्याच वर्षी सुरू झाला, आणि कोकणाच्या खाड्यांवर नव्या पुलांची आखणी चालू आहे. त्या सेतूच्या उद्‌घाटनाला सहा महिने होतात न होतात तोच, २०२४ च्या जूनमध्ये, नव्या मुंबईकडील टोकाला भेगा पडल्याची हाकाटी झाली. पुढारी पाहणीला धावले. खुलासे प्रतिखुलासे झाले. भेगा होत्या त्या जोडरस्त्याच्या डांबरावर, मुख्य सेतूवर नव्हेत, असे प्राधिकरणाने सांगितले. डांबरावरची भेग लाजिरवाणी असेल, पण तिने समुद्रावरच्या सेतूचे आयुष्य कमी होत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो सारा प्रकार झाला. ज्या भेगांची चौकशी विरोधकांनी करावयास हवी आणि जिचे उत्तर सरकारने द्यावयास हवे, त्या भरतीओहोटीच्या पट्ट्यात, खांबांच्या अंगावर, लाटांचे तुषार उडतात तेथे शोधावयास हव्यात. कायम पाण्याखाली असलेल्या भागात प्राणवायू फारसा पोहोचत नाही म्हणून गंज मंद असतो. दिवसातून दोनदा भिजून दोनदा सुकणारा पट्टा मात्र मीठ साठवीत राहतो. तेथे पोहोचावयास नाव लागते आणि तेथे छायाचित्रकार सहसा येत नाहीत.

मांडवीच्या काळापेक्षा आज आपल्या हाती पुष्कळ अधिक आहे, हे मान्य करणे न्यायाचे होईल. पोलाद कारखान्यांतील भट्टीची मळी दळून किंवा वीज केंद्रांतील राख सिमेंटमध्ये मिसळली तर काँक्रीटची छिद्रे बारीक होतात, थोडे क्लोराईड त्यात बांधलेही जाते, आणि मिठाची चाल पुष्कळ मंदावते. संहितेने अतिशय कडक परिस्थितीसाठी पंचाहत्तर मिलिमीटरपर्यंत आवरण सांगितले आहे. पण अशा सिमेंटला पाणी अधिक दिवस मारावे लागते. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, मिश्र सिमेंटला निदान दहा, आणि जमल्यास चौदा, असे संहिता म्हणते. पाणी मारणे हे बांधकामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. ते न झाले तर दिसत काहीच नाही, आणि बिल कोणाचेही अडत नाही. ठेकेदाराची जबाबदारी काही वर्षांनी संपते. मीठ त्यानंतर पोहोचते. कंत्राट लिहिणाऱ्यांनी या दोन तारखांमधले अंतर कधी तरी कागदावर मांडून पाहावे.

समुद्र पुण्यापासून दूर आहे, तेव्हा आम्हांस याचे काय, असे कोणी म्हणेल. पुण्याच्या हवेत मीठ नाही हे खरे. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटचा अल्कधर्म हळूहळू मारीत आत सरकतो आणि सळईपर्यंत पोहोचला की तोच परिणाम घडवतो. त्यालाही भेग हीच जवळची वाट. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेठांतील वाडे पाडून ज्या इमारती उठल्या, त्यांचे सज्जे आणि गच्चीचे काठ आज काय सांगत आहेत ते मान वर करून पाहिल्यास दिसेल. आमच्या परिचयाच्या एका गृहसंस्थेत सज्ज्याखालची भेग तीन वेळा पांढऱ्या सिमेंटने भरली गेली, प्रत्येक वेळी रंग दिला गेला, आणि चौथ्या पावसाळ्यात ढलपाच खाली आला. सुदैवाने खाली फक्त कोणाची तरी सायकल होती. सळईच्या रेषेने धावणारी भेग हे आतल्या गंजाचे पत्र असते. ते न वाचता पाकिटावर रंग देणे हा उपाय नव्हे. ढलपे काढून, सळई घासून, गरज तेथे नवी जोडून, मग घट्ट मालाने आवरण पुन्हा बांधावे लागते. ते महाग पडते, म्हणून सर्वसाधारण सभेत ते पुढील वर्षावर जाते.

शिवाय मीठ समुद्रावरूनच यावयास पाहिजे असे नाही. ते मालातूनही येते. निवृत्तीनंतर दापोली, गुहागर किंवा मुरूडकडे घर बांधण्याची हौस आमच्या वाचकांपैकी कित्येकांना आहे. त्यांनी घराला वाळू कोठली आणि पाणी कोठले, हे दोन प्रश्न नकाशा पाहण्यापूर्वी विचारावेत. खाडीची न धुतलेली वाळू आणि मचूळ विहिरीचे पाणी यांनी बांधलेल्या घरात मिठाला भेगेचीही वाट पाहावी लागत नाही. ते पहिल्या दिवसापासून सळईच्या शेजारी राहावयास आलेले असते. सळयांच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे पाचशे मिलिग्रॅमहून अधिक क्लोराईड नसावे, असा संहितेचा दंडक आहे. त्याची चाचणी कोणतीही बरी प्रयोगशाळा करून देते.

घरमालकाने काय करावे हे सांगणे सोपे. सरकारने काय करावे हेही कठीण नाही. समुद्रावरील व खाड्यांवरील प्रत्येक पुलाची एक वही असावी. पूल खुला झाला त्या दिवशीचे आवरण, भेगा आणि क्लोराईड यांची मोजमापे तिच्या पहिल्या पानावर असावीत, कारण आरंभ ठाऊक नसेल तर पुढची वाटचाल कळत नाही. त्यानंतर ठरावीक वर्षांनी तीच मोजमापे त्याच जागी, पूल बांधणाऱ्याशी संबंध नसलेल्या संस्थेकडून घेतली जावीत. आणि ही वही कार्यालयाच्या कपाटात न राहता लोकांसाठी खुली असावी. यात गुप्त असे काय आहे? पुलाच्या खांबात मीठ किती शिरले, हे कळल्याने शत्रूचा फायदा होतो असे कोणी म्हणणार नाही. इटलीत जिनोव्हा येथील १९६७ सालचा मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळून ४३ माणसे मेली. काँक्रीटमध्ये गुंडाळलेल्या त्याच्या ताणांतील पोलाद गंजत असल्याच्या शंका आधी वर्षानुवर्षे जाणकारांच्या वर्तुळात फिरत होत्या. पुलावरून रोज जाणाऱ्यांपर्यंत मात्र त्या पोहोचल्या नव्हत्या.

खुल्या वहीने लोक उगाच भयभीत होतील, असा आक्षेप एखादा अधिकारी घेईल. आम्हांस तो पटत नाही. आज लोक अफवांनी आणि डांबरावरच्या भेगांनी भयभीत होतात. आकडे हाती असते तर त्यांना निदान योग्य ठिकाणी भ्यावयास शिकता आले असते. खर्चाचा आक्षेप तर त्याहून लंगडा आहे. मिठाची आघाडी सळईपासून दोन सेंटिमीटर दूर असताना लेप देऊन, भेगा भरून, पाणी साचण्याच्या जागा काढून ती थोपवता येते. सळई गंजल्यावर तेच काम कित्येक पटींनी महाग पडते, आणि पूर्वताणित पुलाच्या तारा तुटू लागल्यावर पैसे मोजूनही पुष्कळदा होत नाही. गोव्याला मांडवीवर पुन्हा पूल बांधावा लागला, झुआरीवर पुन्हा बांधावा लागला, आपणांस वाशीला पुन्हा बांधावा लागला. ‘देखभालीला पैसा नाही’ म्हणणाऱ्यांनी या तीन बिलांची बेरीज आधी करावी.

विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनासाठी आम्ही पुण्याच्या प्रतिनिधींना एक तारांकित प्रश्न आयता लिहून देतो. त्यांनी त्यात हवे तर शब्द बदलावेत, आशय बदलू नये. प्रश्न असा : राज्यातील समुद्रावर व खाड्यांवर असलेल्या पुलांपैकी किती पुलांच्या खांबांतील व तुळयांतील क्लोराईडची खोली गेल्या पाच वर्षांत मोजण्यात आली, ती सळईपासून किती मिलिमीटरवर आढळली, ०.१ मिलिमीटरहून रुंद भेगा किती ठिकाणी सापडल्या, आणि हे अहवाल नागरिकांस कोठे पाहावयास मिळतील?